इमानवाले पाटील

आमच्याकडची जुनी माणसं विमानाला इमान म्हणतात. त्यामुळं पिंगळीच्या आसपासच्या वस्त्यांवर त्यांना 'इमानवाले पाटील' हे नाव पडलं. त्यात भरवशाचा काही संबंध नव्हता. उलट कशावरच भरवसा न ठेवणारा असा माणूस मी परभणी जिल्ह्यात दुसरा पाहिला नाही. एसटीच्या कंडक्टरनं तिकीट फाडून दिलं तर ते उजेडात धरून बघायचे. कुणी "राम राम पाटील" म्हटलं तर उत्तर देण्याआधी त्याच्या मागं कोण उभं आहे ते बघायचे. धावपट्टीवरून चालतानासुद्धा मधूनमधून टाच आपटून बघायचे, जशी काही जमीन कुणी खालून पोखरून ठेवली आहे.

"तार चांगली हाय, पाटील," असं आपण सांगावं.

"कोण म्हणतं?"

"मीच म्हणतोय."

"तू बगितली?"

"सकाळी बगितली."

"मग 'सकाळी बगितली' एवढंच म्हण. चांगली हाय का न्हाई ते तार ठरवंल."

ही तार म्हणजे आमच्या ग्लायडिंग क्लबचा जीव. निजामाच्या काळात कुणीतरी आखून सोडून दिलेली एक धावपट्टी पिंगळीच्या अलीकडं होती. तिच्यावर तरवड आणि बाभळी माजल्या होत्या. ऐंशी सालानंतर परभणीतल्या काही हौशी लोकांनी ती साफ करून घेतली आणि एका मोठ्या शहरातल्या केंद्रानं मोडीत काढायला ठेवलेलं ग्लायडर मागून आणलं. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. आमचं लाकडी सांगाड्याचं होतं, त्यावर कापड ताणलेलं, आणि दोन माणसं खांद्याला खांदा लावून बसतील अशी उघडी बैठक. धावपट्टीच्या त्या टोकाला ट्रकच्या जुन्या इंजिनावर बसवलेलं एक मोठं रीळ होतं, त्याला विंच म्हणायचं. विंच तार गुंडाळायला लागलं की ह्या टोकाचं ग्लायडर पतंगासारखं वर चढायचं. वर गेलं की तार सोडून द्यायची आणि तापलेल्या काळ्या मातीतून जी हवा वर उठते तिच्या आधारानं निघेल तेवढा वेळ काढायचा.

क्लबात पगारी माणूस एकही नव्हता. डॉक्टर रविवारी दवाखाना बंद ठेवून विंच चालवायचे. जिनिंगवाले शेठ डिझेल पुरवायचे. शिकवायला मात्र एकटे पाटील. ते विमानदलाच्या दुरुस्ती विभागात नोकरी करून राणीसावरगावला आपल्या शेतीवर परत आले होते. दर शनिवारी एसटीनं यायचे, पत्र्याच्या शेडमध्ये मुक्काम करायचे आणि रविवारी सकाळपासून ऊन कलेपर्यंत येईल त्या नवशिक्याला शेजारी बसवून वर न्यायचे. फुकट.

ह्या 'फुकट'चाच सगळ्यांना शक होता. राणीसावरगावचा बागायतदार माणूस, घरी सालगडी, भावांची भरली घरं. त्यानं पिंगळीच्या माळावर पत्र्याखाली कशाला झोपावं? कुणी म्हणायचं, रझाकारांनी पुरलेलं सोनं वरून हुडकायलाय. कुणी म्हणायचं, सरकारला जमिनी मोजून द्यायलाय, उद्या कालव्यात जातील. कुणी तर खात्रीनं सांगायचं की विमानदलात असताना ह्यांच्या हातून एक माणूस मेला, त्याचं प्रायश्चित्त चालू आहे. डॉक्टरांनी एकदा धीर करून त्यांना हे विचारलं. पाटलांनी लेंग्याच्या पायांना लावलेल्या सायकलच्या क्लिपा नीट केल्या आणि म्हणाले, "कोण म्हणतं?"

त्यापुढं कुणाला काही कळलं नाही. मलाही नाही.

मी तेव्हा टेलिफोनच्या लाइनवर कामाला होतो. पिंगळीजवळ खांबावर चढून तारा ताणत होतो आणि माझ्या डोक्यावरून एक विमान गेलं. आवाज न करता. नुसता कापड फाटल्यासारखा बारीक सूर. आवाज न करता जवळ येणाऱ्या गोष्टीचं मला लहानपणापासून वावडं आहे. खांबावरून उतरलो, सायकल काढली आणि ते जिथं उतरलं तिथं गेलो. टोपी घातलेला एक उंच, वाळका माणूस पंखाचं कापड नखानं टिचक्या मारून ऐकत होता, बाजारात मडकं घेताना ऐकतात तसा.

"कोण पाहिजे?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"कोणी न्हाई. आवाज कामून येत न्हाई ते बघायलोय."

"इंजिनच न्हाई."

"मग पडत कामून न्हाई?"

आता त्यांनी वर पाहिलं. "पडायलंच हाय की. सावकाश पडायलंय. रविवारी ये, दाखवतो."

मी आडनावाच्या प्रश्नाची वाट बघत उभा राहिलो. आमच्या भागात दुसरा प्रश्न तोच असतो, आणि त्याचं उत्तर दिलं की तिसरा प्रश्न विचारायची गरज उरत नाही. त्यांनी विचारलंच नाही. ते मला जास्त खटकलं. पुढं कितीतरी दिवसांनी मीच विषय काढला, तर म्हणाले, "तुझ्या सायकलीच्या हँडलला निळी फीत होती. पुन्हा इचारून काय करू?" म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि माहीत असून बोलावलं होतं. हे कळल्यावर माझा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

त्याला कारण होतं. आमचं गाव देवगाव फाट्याच्या आतल्या अंगाला. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या साली आमच्या वस्तीवर माणसं चालून आली. घर जळालं. आईनं मला आणि बहिणीला ज्वारीच्या रानातून काढलं आणि त्यानंतर आम्ही परभणीचे झालो. चालून आलेली माणसं अनोळखी नव्हती. त्यांतल्या काहींच्या घरी सणाला आम्हाला बोलावून वाढलेलं होतं, काही आमच्याकडं जेवून गेले होते. तेव्हापासून आईचा एक नियम झाला होता: कुणी गोड बोललं की पहिलं दाराची कडी कुठं आहे ते बघायचं.

मी रविवारी विमान शिकायला जातो म्हटल्यावर ती चुलीपुढून उठलीच. "शिकवतो कोण?"

"एक पाटील हायेत. राणीसावरगावचे."

"अन् पैसे?"

"घेत न्हाईत."

"मग काय घेतो?"

मी जात राहिलो, पण डोळे उघडे ठेवून. पहिल्याच महिन्यात मला हवा तो पुरावा सापडला. शेडमधल्या माठातलं पाणी मी पेल्यात काढून त्यांच्यापुढं धरलं आणि त्यांनी मान हलवून आपल्या खांद्यावरची मिलिटरीची बाटली तोंडाला लावली. मी पेला तसाच खाली ओतला. मनात म्हटलं, खांद्याला खांदा लावून बसायला चालतं, पाणी चालत नाही. ठीक आहे.

पुढच्या रविवारी डॉक्टरांच्या बाईंनी थर्मासमधून चहा आणला. त्यांनाही त्यांनी तीच मान हलवली. शेठच्या घरचा फराळ आला, त्यालाही हात लावला नाही. तरी मी मनातला हिशेब मिटवला नाही. सगळ्यांना नाही म्हणणारा माणूस एकाला वेगळ्या कारणानं नाही म्हणू शकतो.

आईला हे सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. ती पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीनं पिंगळीला उतरली आणि फडक्यात भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी बांधून थेट धावपट्टीवर आली. सगळा क्लब तिथं होता. तिनं पाटलांपुढं फडकं सोडलं.

"जय भीम, पाटील. ह्याची आई मी. खा."

पाटलांनी भाकरी उचलली नाही. "कोणी केली?"

"मी केली."

"पाणी कुठलं?"

आईचा चेहरा मी ओळखतो. मी पुढं झालो, पण तिनं हातानं मला मागं सारलं. "आमच्या नळाचं. नगरपालिकेचं. तुमच्या शेजाऱ्यापाजाऱ्याला येतं तेच. आजून काय इचारायचंय?"

"पीठ कवाचं हाय?"

"कालचं. बास का आता? का जातबी इचारता?"

"जात इचारून पोट बिघडायचं ऱ्हात न्हाई, बाई," पाटील म्हणाले. "हवेत असताना पोट बिघडलं तर खाली उतरता येत न्हाई. शेजारी पोरगं बसलेलं असतं. म्हणून इचारायलोय. डॉक्टरच्या चहातलं पाणी कुठलं ते त्यांच्या बाईला सांगता येईना." मग त्यांनी भाकरी मोडली, नाकाशी धरली, दोन्ही बाजूंनी बघितली आणि खाल्ली. सगळी खाल्ली. ठेचा बोटानं पुसून घेतला.

आई परतीच्या गाडीत बसली, मी शेजारी. गाडी हलल्यावर म्हणाली, "जेवला. पण जेवलेला माणूस चांगला असतो असं न्हाई. आपल्याकडं जेवून गेलेले म्या बगितलेत."

शिकवायची त्यांची पद्धतसुद्धा संशय यावा अशीच होती. नवशिक्यानं उड्डाणाआधी ग्लायडरभोवती फिरून सगळं तपासायचं, हा नियम. पण पाटील त्याआधी गुपचूप काहीतरी बिघडवून ठेवायचे. एखादी पिन काढून खिशात टाकायची, पंखाच्या फटीत चिंधी कोंबायची. ज्याला ती सापडली नाही त्यानं त्या दिवशी वर जायचं नाही, नुसतं ग्लायडर पुसायचं. शेठचा पुतण्या कितीतरी रविवार पुसतच होता. मला शेपटीजवळची पिन पहिल्यांदाच सापडली. "पाटील, हितली पिन न्हाई," मी म्हटलं. त्यांनी ती खिशातून काढून दिली. मला वाटलं आता तरी शाबास म्हणतील. ते म्हणाले, "एकच काढली असंल कशावरून?" मी पुन्हा पहिल्यापासून फेरी मारली. दुसरी नव्हतीच.

हाच स्वभाव एकदा कामी आला. पावसानं सलग ओढ दिली ते साल. ज्वारी गुडघ्याला येऊन करपायला लागली आणि आसपासच्या वस्त्यांवरची माणसं काठ्या घेऊन धावपट्टीवर आली. पुढं एक पांढऱ्या मिशांचे म्हातारे होते.

"हे तुमचं इमान बंद करा. ह्याच्यानं ढग पळायलेत. आमी डोळ्यानं बगितलं. हे वर गेलं की ढग फुटतो."

शेठ हसले. डॉक्टर शास्त्र समजावून सांगायला लागले आणि काठ्या जरा उंच झाल्या. पाटलांनी दोघांनाही गप्प केलं.

"तुमाला शक आला ते बरोबर केलं," ते म्हाताऱ्यांना म्हणाले. "येयालाच पाहिजे. आता तपासू. आमी उडवत न्हाई. ढग येतेत का बगा."

आणि खरंच त्यांनी ग्लायडर शेडमध्ये घालून पत्र्याला कुलूप लावलं. कुलपाची किल्ली म्हाताऱ्यांच्या हातात दिली. शेठ चिडले, क्लबाची इज्जत गेली म्हणाले. पाटील त्या दिवसांतही दर शनिवारी येत होते. शेडच्या बाहेर बसून आम्हाला घारी बघायला लावत होते, कुठं चकरा मारतात, म्हणजे हवा कुठून वर उठते. "घार रेडिओवरचं हवामान ऐकत न्हाई. तिच्याकडं बगा."

पाऊस आला नाही. एका रविवारी म्हातारे स्वतःच किल्ली घेऊन आले. "उडवा," म्हणाले. "तुमच्यानं काही व्हईना, न उडवल्यानंबी काही व्हईना." जाताना थबकून त्यांनी विचारलं, "पाटील, वरून पाणी दिसतं का हो कुठं?" पाटील म्हणाले, "बघून सांगतो." त्या दिवशी उतरल्यावर ते म्हाताऱ्यांच्या वस्तीवर चालत गेले, फक्त 'दिसलं नाही' एवढं सांगायला.

आता ज्याच्यासाठी मी हे लिहायला घेतलं, ते.

माझ्यामागून आलेले लोक एकट्यानं उडायला लागले. पुसून पुसून शेठचा पुतण्यासुद्धा उडाला. उतरताना शेपूट मोडून बसला, ते दुरुस्त झालं, तो परत उडाला. मी मात्र अजून पाटलांच्या शेजारीच. दर रविवारी नवं कारण. आज वारा आडवा आहे. आज तुझ्या डाव्या पायात घाई आहे. आज मन जाग्यावर दिसत न्हाई. दरम्यान शेठ डॉक्टरांना म्हणालेले मी कानांनी ऐकलं, "पोरगा हाताला चांगला आहे, त्याला विंचवरच ठेवा की कायमचा." म्हणजे ठरलं होतं तर. पाटील मोठ्या मनाचे दिसत होते ते शेठच्या डिझेलपर्यंतच.

त्या दिवशी सगळे गेल्यावर मी शेडमध्ये थांबलो.

"मला एकट्याला कामून सोडत न्हाई? खरं सांगा."

पाटील ग्लायडरवर आच्छादन घालत होते. "तुला कोण काय म्हणलं?"

"कोणी न्हाई. म्या बगितलं."

त्यांनी आच्छादन खाली ठेवलं. "शेठचा पुतण्या आपटला तर लोकं मनतेत, ग्लायडर आपटलं. तू आपटलास तर मनतील, ह्या लोकांला जमत न्हाई. मग तुझ्यामागून येणाऱ्याला दार बंद. म्हणून तुला दुप्पट पक्कं करायलोय."

मला वाटलं होतं ते काहीतरी खोटं सांगतील. हे खरं होतं. आणि त्याचाच मला जास्त राग आला.

"हे मला न इचारता तुमी ठरवलं?" मी म्हटलं. "त्याला जेवढी चुकायची सवलत, तेवढी मला कामून न्हाई? शेठनं दार बंद केलं न्हाई, पाटील. शेठला भेऊन तुमीच त्याला आतून कडी लावायलात."

एवढं तोंडावर त्यांना कुणी बोललं नसेल. मी सायकल काढली आणि निघालो. परत जायचं नाही असं ठरवूनच निघालो. घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "आता तर जायालाच पाहिजे. बोलल्यावर माणूस काय करतो ते बगायला नको?"

रविवारी गेलो. पाटलांनी नेहमीसारखं शेजारी बसवलं, तार लावायला सांगितलं, आणि तार लावायला वाकलेल्या माणसाला थांबवून स्वतः पट्टे सोडले. खाली उतरले. आपल्या रिकाम्या जागेवरचे पट्टे एकमेकांत अडकवून घट्ट केले, ते तीनदा ओढून बघितले.

"वजन कमी झालंय. उतरताना ते खाली यायला मागणार न्हाई. सांगितलं न्हाई म्हणू नको."

बस्स. मी एकटा वर गेलो. वर काय वाटलं ते मला नीट सांगता येत नाही. शेजारची जागा रिकामी होती आणि खांद्याला वारा लागत होता, एवढं आठवतं. पिंगळीचं स्टेशन दिसलं, रुळ दिसले, मी चढतो ते खांब काडीएवढे दिसले. मग उतरायला आलो आणि त्यांनी सांगितलं होतं तेच झालं. ग्लायडर खाली यायला मागेना. मी घाई केली. ते आपटलं, उसळलं, परत आपटलं, आणि धुळीत तिरपं होऊन थांबलं.

सगळे पळत आले. शेठ सगळ्यांत आधी बोलले. "बघा. मी म्हणत होतो."

पाटील चालतच आले. कुणाकडं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही. ते धुळीत उताणे झाले आणि ग्लायडरच्या पोटाखाली शिरले. बराच वेळ नुसते त्यांचे क्लिपा लावलेले पाय बाहेर दिसत होते आणि आतून नखाच्या टिचक्या ऐकू येत होत्या. शेठ बोलत राहिले, मग बोलायचे थांबले. मी बैठकीतच बसून होतो. शेवटी पट्टे सोडून उतरायला लागलो.

पाटील बाहेर आले. पाठ धुळीनं भरलेली. "काही झालं न्हाई," ते म्हणाले. "शेठ, तुमच्या पुतण्यानं शेपूट मोडलं तवा तुमी पेढे आणले होते. आज डिझेल तरी न्हेऊ नका." आणि मग मला, "उतरायलास कामून? बस. परत जा."

मी परत गेलो. दुसऱ्यांदा नीट उतरलो. पाटलांनी बघितलं की नाही कुणास ठाऊक. ते पाठ करून तार तपासत होते.

पुढं मी परीक्षा देऊन शिकवायलाही लागलो. पाटलांचे नवशिके आम्ही वाटून घ्यायचो. नामांतर झालं त्या हिवाळ्यात गावोगाव वातावरण पुन्हा तापलं होतं; आई मला रविवारी सुद्धा बाहेर जाऊ नको म्हणायची. अशा दिवसांत एक तरुण क्लबात आला. परभणीला कॉलेजात होता. गावाचं नाव सांगितलं, ते आमचं. आडनाव सांगितलं, आणि मला त्या घराचा दरवाजासुद्धा आठवला.

"ह्याला तू घे," पाटील म्हणाले.

मी त्यांना बाजूला नेलं. "कुठला हाय ठाऊक हाय का तुमाला?"

"हाय."

"मग तुमी घ्या."

"घेतो. अडचण न्हाई. माझ्याजवळ बसला तर तुला त्याच्याबद्दल नुसतं ऐकायला मिळंल. तुझ्याजवळ बसला तर बगायला मिळंल. ठरव."

मी त्याला घेतलं. तो खांदा चोरून बसला होता, मीही. वर गेल्यावर, तार सुटल्यावर, एकदम शांत झालं तेव्हा त्यानं समोर बघतच विचारलं, "सर, आपल्या गावात तुमचं घर कोणतं होतं?"

मी सांगितलं. विहिरीच्या अंगाचं, शेवटचं.

"आता तिथं कडबा रचतेत," तो म्हणाला.

खाली पिंगळीचा रस्ता होता, आमचं गाव तिथून दिसणं शक्यच नव्हतं, तरी दोघंही त्या दिशेला बघत राहिलो. मग ग्लायडरचं नाक खाली जायला लागलं आणि मी म्हटलं, "दांडी सरळ धर."

त्याच्याशी माझी दोस्ती झाली असं मी म्हणणार नाही. तो येत राहिला, मी शिकवत राहिलो. उन्हाळ्यात मी त्याला एकट्याला सोडला, इतरांना सोडतो तेव्हाच. आधीही नाही, नंतरही नाही.

त्याच उन्हाळ्यात एका सकाळी पाटलांनी मला हाक मारली. "माझ्याशेजारी बस. मी उडवतो. कशाला हात लावू नको. मी उतरतो कसा ते बग, अन् खरं सांग."

"तुमचं काय बगायचं, पाटील?"

"बगितल्याशिवाय बोलू नको."

वर त्यांचे हात नेहमीसारखेच होते. उतरताना मात्र जमीन अजून माणूसभर खाली असताना त्यांनी ग्लायडर सपाट केलं, जणू टेकलोच. मग ते धपकन बसलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "अजून एकदा," म्हणाले. पुन्हा तसंच. धुळीत बसून राहिलो दोघं. लांबून डॉक्टर हात हलवत होते, छान उतरलात म्हणून.

"बोल."

ते ऐकायला तयार होते. मी बोलायला तयार नव्हतो. पण ज्या माणसानं आयुष्यभर 'चांगलं हाय' हा शब्द तोंडातून काढू दिला नाही, त्याला तो शब्द देणं म्हणजे त्याचा अपमानच झाला असता.

"उंचावरच सोडायलात, पाटील. जमीन दिसत न्हाई तुमाला. आता पोराला शेजारी घेऊन जाऊ नका. एकटेबी जाऊ नका."

त्यांनी मान हलवली. "मोतीबिंदू असंल. मला वर्षापासून शक हाय. डॉक्टरला इचारलं, तो म्हणला, तुमाला काय होतंय पाटील. शेठला इचारलं, तोबी तसंच. मला खरं सांगणारं माणूस एकच हाय इथं."

"म्हणून शिकवलं का मला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मला ज्यानं शिकवलं," ते पट्टे सोडत म्हणाले, "तो मद्रासकडचा वॉरंट ऑफिसर होता. मला त्याची भाषा येत न्हवती, त्याला माझी. कामून शिकवलं ते मला आजपस्तोर कळलं न्हाई. लय शक घेतला त्याच्यावर. पर शिकून घेतलं." आणि ते उतरले.

घरी आईला सांगितलं, तर ती तांदूळ निवडायची थांबली. "बग. म्या म्हणलं न्हवतं, काहीतरी मतलब असंलच? खरं बोलणारं माणूस पाहिजे होतं त्याला." मग थोड्या वेळानं, तांदळाकडं बघतच, "असला मतलब असंल तर असू दे."

पुढच्या रविवारी ते येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. ते आले. राणीसावरगावहून, नेहमीच्या एसटीनं, लेंग्याला क्लिपा लावून. ग्लायडरभोवती फेरी मारली, नवशिक्यांना बोलावून प्रश्न विचारले. मग एक मुलगी पहिल्यांदा माझ्याशेजारी बसली, तार लागली, आणि पंखाचं टोक हातात धरून पळायला कुणीतरी हवं होतं, कारण सुरुवातीला ग्लायडर स्वतःच्या पंखांवर तोललं जात नाही. कुणीतरी थोडं अंतर पळून त्याला सरळ ठेवावं लागतं. ते काम नेहमी नव्यांतला कुणीतरी करायचा. पाटलांनी त्या पोराला बाजूला केलं आणि टोक स्वतः हातात घेतलं.

"कोण म्हणलं तुमाला?" मी बैठकीतून ओरडलो.

तार ताणली गेली. ते पळायला लागले, टोपी मागं उडाली, आणि आम्ही वर उचललो गेलो. मी मान वळवून पाहिलं. पंख त्यांच्या हातातून केव्हाच सुटला होता, आणि पाटील अजून पळतच होते.